निपाणीच्या मोटारसायकलीची हळद

काकतीच्या मष्णूला लहानपणापासून चाकांचा नाद. बरोबरीची पोरं चिंचा पाडायला गेली की हा विहिरीवर मोटेच्या चाकाला कान लावून बसायचा. चाक कुरकुरलं की तेल कुठं घालायला पाहिजे हे तो बापाला सांगायचा आणि बाप निमूटपणे तिथं तेल घालायचा. घरची शेती बेताची. ती थोरला भाऊ बघत होता. लढाई सुरू झाली, बेळगावच्या छावणीत भरती निघाली, तेव्हा मष्णूला कुणी अडवलं नाही. त्याची आई नागुबाई तेवढी दोन दिवस जेवली नाही.

पण मष्णूच्या हातात बंदूक कधी आलीच नाही. त्याला पुण्याजवळ खडकीला, लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात घातलं. लढाई संपेपर्यंत तो तिथं तारा, बॅटऱ्या आणि डायनमो यांच्यात रमला. तिथला हवालदार मोठा शिस्तीचा माणूस होता. गाडी समोर आली की पहिल्यांदा फडकं, ब्रश आणि काचकागद घ्यायचा, सगळे जोड लख्ख करायचे आणि मगच बिघाड शोधायचा, असा त्याचा नेम. चिखलानं माखलेल्या लष्करी गाड्यांना तो नेम योग्यच होता. मष्णूच्या अंगात तो इतका मुरला की पुढं घरी जेवायला बसतानासुद्धा तो ताट पुसून घ्यायचा आणि नागुबाई त्याच्याकडं रागानं बघायची.

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तो परत आला आणि खडेबाजारात एका सायकलवाल्याच्या शेजारी अरुंद गाळा घेऊन बसला. दारावर पाटी लावली: ‘मोटारीची वीज दुरुस्त करून मिळेल.’ येणारे-जाणारे पाटी वाचायचे, आत डोकावायचे आणि पुढं जायचे. समोरचा चहावाला विचारायचा, “मष्णू, वीज आली का रं?” आणि मष्णू म्हणायचा, “न्हाय, अजून वाटंत हाय.”

ती वीज निपाणीहून आली. छावणीतल्या जुन्या मोटारसायकली लिलावात निघाल्या होत्या आणि त्यातली एक निपाणीच्या कलगोंडानं घेतली होती. कलगोंडा जैन घरातला, तंबाखूच्या व्यापारातला, तिशीचा उमदा माणूस. चिकोडीकडच्या खेड्यांत माल बघायला, बेळगावात व्यापाऱ्यांना भेटायला त्याला सतत हिंडावं लागे. गाडी हिरवट रंगाची होती, मागं दोन्ही अंगांना कॅनव्हासच्या पिशव्या होत्या आणि आवाज असा की यमकनमर्डीत निघाली तर हत्तरगीची कोंबडी उडावी.

गाडीला एकच खोड होती. दिवा टिकायचा नाही.

इंजिनाला लागणारी ठिणगी वेगळ्या यंत्रातून यायची, त्यामुळं गाडी पळायला कधी अडली नाही. दिवा आणि भोंगा मात्र बॅटरीवर, आणि बॅटरी भरायची ती डायनमोवर. ती भरतच नव्हती. पहिले काही दिवस दिवा पिवळा व्हायचा, मग तांबडा, मग काजव्यासारखा, आणि मग काहीच नाही.

आता दुसऱ्या कुणी म्हटलं असतं की उजेड आहे तोवर घरी यावं. पण कलगोंडाच्या घरी सूर्य मावळल्यावर कुणी अन्नाला शिवत नसे. तो कुठंही असला तरी दिवस कलला की झाडाखाली गाडी लावायचा, आई धोंडूबाईनं बांधून दिलेली भाकरी सोडायचा, हात धुवायचा आणि मग दिवा लावून निवांत घरची वाट धरायचा. असा त्याचा दिवस दिव्याच्या भरवशावर लांबलेला. दिवा गेला तर दुपारीच सगळी कामं अर्धवट टाकून पळावं लागे.

एकदा तर तवंदीच्या घाटातच दिवा विझला. पुढं तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, भरलेली एक बैलगाडी चालली होती आणि तिच्या खाली कंदील झुलत होता. कलगोंडानं त्या कंदिलावर नजर ठेवून, बैलांच्या चालीनं, दोन्ही पाय जमिनीला टेकत घाट उतरला. गाडीवान होता संकेश्वरचा मारुतीराव. त्याचीच गाडी कलगोंडाच्या वखारीला माल आणून टाकायची. मारुतीरावानं ही हकीकत पुढचा महिनाभर संकेश्वरच्या बाजारात सांगितली.

“मोटारसायकलीला माझ्या बैलांनी वाट दाखवली. सर्जा तर मागं वळून बघत हुता, येतंय का न्हाय म्हणून.”

ही हकीकत मष्णूला जड जाणार होती, कारण त्याच मारुतीरावाची मुलगी जयाबाई मष्णूसाठी सांगून आली होती. बघण्याचा कार्यक्रम झाला होता. मुलीला नाव-गाव विचारून झाल्यावर कुणीतरी रिवाज म्हणून म्हणालं, “तुला काय इचारायचं असलं तर इचार गं.” अशा वेळी मुली मान खाली घालतात. जयाबाईनं मान वर केली आणि मष्णूला विचारलं, “इंजिन बंद केलं म्हंजे दिवा बी जातोय व्हय?”

मष्णू उत्तर द्यायला गेला तोवर बायकांनी तिला आत नेलं. ते उत्तर त्याच्या तोंडातच राहिलं आणि ती मुलगी त्याच्या डोक्यातून जाईना.

मारुतीरावाला पोरगा आवडला होता. पण त्याची अडचण सरळ होती आणि त्यानं ती तितकीच सरळ सांगितली.

“पोरगा चांगला हाय. शेत सोडलं त्याचं बी मला काय न्हाय. पर ह्यो तारंचा धंदा मला समजत न्हाय. डोळ्याला काय दिसंना, हाताला काय लागंना. ह्यात पोट भरतंय का फसवाफसवी हाय, मी कसं वळखू? कलगोंडा अण्णाची गाडी ह्याच्याकडंच हाय न्हवं? तिचा दिवा एकदा लागू दे आनि टिकू दे. मग सुपारी फोडू.”

म्हणजे मष्णूचं लग्न त्या दिव्याला टांगलं होतं.

गाडी पहिल्यांदा गाळ्यात आली तेव्हा दसरा नुकताच झाला होता. कलगोंडा शहरात येताना गाडी रॉकेलच्या फडक्यानं पुसून, चकचकीत करून आणायचा. मळकी गाडी घेऊन खडेबाजारातून जाणं त्याला बरं वाटत नसे. मष्णूनं हवालदाराचं नाव घेतलं आणि सगळे जोड साफ केले. सीटखाली, डायनमो आणि बॅटरी यांच्या मधे, कटआउटची डबी होती. तिचं झाकण लिलावातच हरवलं होतं आणि त्या जागी कॅनव्हासचा तुकडा बांधलेला होता. तो वर केला तर आत फिकट पिवळी हळद दिसली.

मष्णूला त्यात काही वावगं वाटलं नाही. खंडेनवमीला त्यानं स्वतःच्या पान्यांना, पक्कडीला, टेबलाला हळद-कुंकू वाहिलं होतं. त्या दिवशी सगळ्या बेळगावात हळद न लावलेलं चाक शोधून सापडलं नसतं. त्यानं ती हळद बोटावर घेऊन कपाळाला लावली, उरलेली फडक्यानं टिपली, डबीतल्या जोडावर काचकागद फिरवला आणि पुढं डायनमो उघडला. त्याच्या आतले कोळशाचे ब्रश झिजले होते. ते त्यानं बदलले. गाडी चालू केली, तर पुढच्या दिव्याच्या डोक्यावरचा, बॅटरी भरतेय की उतरतेय ते दाखवणारा काटा टुणकन भरतीकडं गेला.

“ब्रश गेलं हुतं अण्णा,” मष्णू म्हणाला. “आता बघायला नको.”

कलगोंडा खुशीत गेला. आठवडा-दोन आठवड्यांत परत आला.

“मष्णू, काटा हलत न्हाय बघ.”

मष्णूनं पुन्हा सगळं साफ केलं. पुन्हा हळद. ह्या लोकांची पूजा बरीच चालते असं मनात म्हणून त्यानं ती पुन्हा कपाळाला लावली. ह्या खेपेला त्याला बॅटरीचा संशय आला. दुसरी बॅटरी घातली, काटा टुणकन गेला, कलगोंडाही गेला. आणि परत आला. तिसऱ्या खेपेला मष्णूनं सगळ्या तारा नव्या ओढल्या, आणि तारा ओढण्याआधी अर्थातच सगळं साफ केलं.

चौथ्या खेपेला गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला तसा चहावाला ओरडला, “निपाणीची पाहुणी आली रं मष्णू. आता हितंच नांदू दे की तिला.”

मष्णू हसला, पण हसू ओठापर्यंतच आलं. कलगोंडा भला माणूस होता, रागावला नाही. तो एवढंच म्हणाला, “मारुतीराव परवा इचारत हुता, दिवा लागला का म्हणून. मी म्हटलं लागलाय. खोटं बोललो तुझ्यासाठी. आता तू ते खरं कर बाबा.”

त्या दिवशी मष्णूनं गाडी साफ केली, तपासली, काटा हलला, कलगोंडा गेला. पण मष्णूला ठाऊक होतं की ती परत येणार. तो सायकलवर काकतीला आला आणि ओसरीवर डोकं धरून बसला. नागुबाई अंगण झाडत होती.

“काय झालं रं?”

“आई, गाडी माझ्याकडं आली की बरी असती. तिकडं गेली की आजारी पडती. ब्रश बदललं, बॅटरी बदलली, तारा बदलल्या. आता मीच बदलायचा राहिलोय.”

“आल्या आल्या काय करतोस?”

“पैलं साफ करतो. सगळं.”

नागुबाईनं झाडू थांबवला. “आनि मग हुडकतोस?”

“व्हय.”

“म्हंजे चोर आला त्या वाटंवरची पावलं आधी झाडून काढतोस, आनि मग चोर कुठनं आला म्हणून हुडकतोस. शाना हाईस.” आणि ती पुन्हा झाडायला लागली.

मष्णू उठून उभा राहिला. खरंच, दर खेपेला त्यानं एक नवी वस्तू घातली होती आणि त्याच वेळी दहा जुन्या वस्तू साफ केल्या होत्या. काटा हलायचा तो नव्या वस्तूमुळं की फडक्यामुळं, हे त्यानं कधी तपासलंच नव्हतं. श्रेय दर वेळी नव्या वस्तूला मिळालं आणि काम बहुधा फडक्यानं केलं होतं. म्हणजे निपाणीच्या घरी त्या गाडीवर काहीतरी येऊन बसत होतं. काय ते तिथंच जाऊन बघायला हवं होतं, आणि तेही कलगोंडाच्या रॉकेलच्या फडक्याआधी.

त्यानं निपाणीला निरोप धाडला: गाडी पुसू नका, धुऊ नका, हलवू नका. काटा पडला की कळवा, मी येतो.

निरोपाचं उत्तर लवकरच आलं. मष्णू दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं निपाणीत उतरला, पिशवीत पक्कड, बल्ब आणि तारेचे दोन तुकडे. फडकं त्यानं मुद्दाम घरी ठेवलं होतं.

कलगोंडाचं घर वखारीला लागूनच होतं. गाडी पुढच्या सोप्यात उभी होती. आणि सोप्याच्या कट्ट्यावर, पान लावत, मारुतीराव बसला होता. माल खाली करून झाला होता, बैल सोडले होते, आणि जावई व्हायचा का नाही असा मुलगा तारांशी काय करतो हे बघायला ह्याहून चांगली जागा मिळाली नसती.

“या, या,” मारुतीराव म्हणाला. “बसा म्हणत न्हाय. तुमी काम करा, मी बसतो.”

मष्णूनं पिशवी खाली ठेवली. त्यानं गाडी चालू केली. काटा मेल्यासारखा मधोमध उभा. त्यानं डायनमोच्या तारा सोडल्या आणि तिथंच बल्ब जोडला. बल्ब झगझगीत लागला.

“हे काय केलंस?” मारुतीरावानं विचारलं.

मष्णूनं त्याच्याकडं बघितलं. माणूस खरंच विचारत होता.

“मामा, तुमच्या विहिरीवर मोट हाय न्हवं? ह्यो डायनमो म्हंजे मोट. आनि ही बॅटरी म्हंजे थारोळं, मोटंचं पाणी साठतंय ते. बल्ब लागला म्हंजे मोट पाणी वडतीया. आता थारोळ्यात पाणी का पडंना, ते बघायचं.”

मारुतीरावाचा पान लावायचा हात थांबला. “मोट चालतीया, थारोळं कोरडं. मग मधी कुठंतरी फुटलंय.”

“फुटलंय न्हायतर तुंबलंय. मधी एक दार हाय. मोट जोरात चालली की ते दार आपसूक उघडतंय, पाणी थारोळ्यात. मोट थांबली की दार मिटतंय, वाट तुटती, म्हंजे पाणी माघारी विहिरीत जात न्हाय. त्याला कटआउट म्हणत्यात. ते हितं, ह्या डबीत.”

“मग उघड की दार.”

मष्णूनं कॅनव्हासचा तुकडा वर केला, आणि ह्या खेपेला त्यानं हात लावला नाही. नुसतं बघितलं. डबी हळदीनं भरली होती. फिकट डाग नव्हता तो. ओली होऊन वाळलेली, पापुद्रा धरलेली, चांगली चिमूटभर हळद होती, आणि ती बरोबर त्या दोन बारीक धातूच्या टिकल्यांच्या मधे जाऊन बसली होती, ज्या एकमेकींना भिडल्या की वाट जोडते. टिकल्या एकमेकींना भेटायच्या, पण त्यांच्या मधे हळदीचा पडदा. वीज तिथंच अडत होती.

त्यानं तारेच्या तुकड्यानं त्या टिकल्यांना वळसा घालून वाट जोडली. काटा टुणकन भरतीकडं गेला. तार काढली, काटा मधोमध. जोडली, भरतीकडं. दुसरी एकही वस्तू बदलली नव्हती.

मष्णू म्हणाला, “अण्णा, पूजा लई मनापासून करताय तुमी. पर हळद डबीच्या भाईर लावा.”

कलगोंडानं वाकून डबीत बघितलं. “आमी? ही हळद तू लावतोस न्हवं?”

“मी कशाला लावू?”

“डबीत हळद दिसायची, आनि गाडी घेऊन निघताना तुझ्या कपाळाला बी. मला वाटलं तुझ्या दुकानातली पूजा. एखाद्याच्या पूजेबद्दल कसं इचारायचं, म्हणून गप बसलो.”

“अण्णा, मला वाटलं तुमची. मी बी त्याच कारणानं गप बसलो. वर चार खेपा कपाळाला लावली.”

कट्ट्यावरून मारुतीरावाचा खोकल्यासारखा आवाज आला. तो हसत होता आणि तोंडात पान होतं.

तेवढ्यात आतून धोंडूबाई आली. पाठीला बाक, पांढरं लुगडं, डोळ्यांत दिवसभर काहीतरी आवरत असल्याची लगबग. हळदीचं नाव तिनं आतूनच ऐकलं होतं.

“हळद मी टाकती,” ती म्हणाली.

“आव्वा, तू?” कलगोंडा म्हणाला. “गाडीला हात लावू नका म्हणून घरात सगळ्यांना सांगितलं हुतं.”

“हात कुठं लावला? कापडाच्या फटीतनं चिमटीनं टाकती, वरनं. रोज आंघूळ झाली की, बस्तीत देवदर्शनाला जायच्या आधी. तू संकेश्वरासनं गुळाची ढेप त्या पिशवीत घालून आणतोस. सगळ्या मुंग्या तिथं चढत्यात आनि त्या डबीत जाऊन मरत्यात. मी बघितल्यात, चिरडून पडलेल्या. जिवाला मारायचं न्हाय, वाट तेवढी वळवायची. हळदीनं मुंगी वळती.”

कलगोंडानं कपाळाला हात लावला. मारुतीराव कट्ट्यावर पुढं सरकून बसला होता. मष्णूला कळलं की आता ह्या घटकेला तो मोकळा झाला होता. काम त्याचं चोख होतं, चूक त्याची नव्हती, आणि हे मारुतीरावाच्या समोर सिद्ध झालं होतं. नुसतं एवढं म्हटलं की पुरे होतं: बघा, मी सांगत होतो. पण म्हातारीचा चेहरा त्याला दिसत होता. तिला लाज नव्हती वाटत, काळजी वाटत होती. आता हे लोक हळद बंद करतील आणि मुंग्या मरतील, एवढीच.

“आक्का, तुमी बरोबर केलं,” मष्णू म्हणाला. “मुंग्या त्या टिकल्यांच्या मधी सापडल्या तरी वीज अडलीच असती. डबीला झाकण न्हाय, आनि मी चार खेपा बघून बी घातलं न्हाय. फडकं मारत बसलो. ती चूक माझी.”

धोंडूबाईनं त्याला नीट न्याहाळलं. “मग आता?”

“घट्ट झाकण बसवतो. मुंगीला बी वाट न्हाय, हळदीची बी गरज न्हाय. पर पत्रा पाहिजे. एवढा, चपटा.” त्यानं बोटांनी माप दाखवलं.

ती आत गेली आणि एक चपटी पत्र्याची डबी घेऊन आली. चहाची असावी कधीतरी. आता कडांना पिवळी झाली होती. हीच ती हळदीची डबी. तिनं उरलेली हळद वाटीत पालथी केली, पदरानं डबी पुसली आणि मष्णूच्या हातात दिली.

“न्हायतरी तिचं सगळं काम तिथंच चाललं हुतं. आता तिथंच ऱ्हाऊ दे.”

मष्णूनं जोड साफ केले. फडकं नव्हतं, म्हणून धोतराच्या सोग्यानं केले. पत्र्यानं वीज भलतीकडं जाऊ नये आणि फटही राहू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून आतून बसवलं, कडेनं गुंडाळलं आणि डबी उलटी करून दाबली. ती अशी बसली की जणू कारखान्यातूनच आली होती. गुळाच्या पिशवीवरून मायलेकांचा थोडा वाद झाला. शेवटी गूळ बैलगाडीतून यायचा असं ठरलं. मारुतीराव म्हणाला, “माझ्या गाडीत मुंग्यांला लई जागा हाय.”

दिवस कलायला आला होता. धोंडूबाईनं घाईनं पानं मांडली आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांना जेवायला घातलं. हात धुताना कलगोंडा म्हणाला, “मारुतीराव, बैल आज हितंच ऱ्हाऊ देत. मष्णू तुमाला गाडीवरनं संकेश्वराला सोडंल. दिवा बघायचा हुता न्हवं तुमाला? मागं बसून बघा.”

मारुतीराव उभ्या जन्मात मोटारसायकलीवर बसला नव्हता. त्यानं गाडीकडं बघितलं, बैलांकडं बघितलं, पटका घट्ट केला आणि बसला. बसल्यावर त्यानं मष्णूच्या कमरेला अशी मिठी मारली की मष्णूचा श्वास अडला.

तवंदीचा घाट लागला तेव्हा तांबूस उजेड उरला होता. वळणावर अंधार दाटला तसा मष्णूनं दिवा लावला. पांढरा झोत रस्त्यावर पडला, दरडीवर चढला, पुन्हा खाली उतरला. गाडी चढ घेत होती आणि मागून आवाज आला.

“थारोळं भरतंय का रं?”

मष्णूनं काट्याकडं बघितलं. दिवा जळत असूनसुद्धा काटा भरतीच्या बाजूला, थरथरत, पण पक्का उभा होता.

“भरतंय मामा.”

घाटमाथ्यावर पुन्हा: “भरतंय का?”

“भरतंय.”

उसाच्या फडांमधून रस्ता सरळ झाला तेव्हा मारुतीरावानं एक हात सोडला आणि तो ओळखीच्या एका गाडीवानाला, कारण नसताना, दाखवला. मग पुन्हा विचारलं. संकेश्वर येईपर्यंत तो हे विचारत राहिला. आता भीतीनं नव्हे, हौसेनं.

दारात गाडी थांबली तेव्हा आवाजानं आळी गोळा झाली होती. जयाबाई कंदील घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि गाडीच्या झोतात तिच्या हातातला कंदील लागलाय की नाही तेसुद्धा कळत नव्हतं. मष्णूनं इंजिन बंद केलं. दिवा तसाच लखलखत राहिला.

जयाबाई दिव्याकडं बघत होती. मग तिनं सरळ मष्णूला विचारलं, “इंजिन तर बंद झालं. मग दिवा कसा लागलाय?”

इतके दिवस तोंडात राहिलेलं उत्तर मष्णू आता देणार, तोच मारुतीराव धडपडत खाली उतरला, पटका सावरला आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आगं, मोट थांबली म्हणून थारोळ्यातलं पाणी कुठं जातंय? मधी दार हाय. वाट तुटलीया, पाणी तिथंच हाय. तेच जळतंय.”

तारेचा धंदा आपल्याला समजला आहे, हे त्याच्या ध्यानात बहुधा तेव्हाच आलं. त्यानं मष्णूकडं बघितलं, मग मुलीकडं.

“कंदील खाली ठेव गं,” तो म्हणाला. “आनि आतनं सुपारी घेऊन ये.”

लग्न पुढच्या उन्हाळ्यात, सत्तेचाळीस साली काकतीला झालं. गाळ्यात तोवर आणखी गाड्या येऊ लागल्या होत्या, आणि गाडी आली की मष्णू दोन्ही हात पाठीमागं बांधून आधी नुसतं बघायचा. मालकाला त्याचा पहिला प्रश्न असायचा, हळद कुणी लावली? लोकांना वाटायचं माणूस फार देवभोळा आहे.

हळदीच्या दिवशी कलगोंडा आईला घेऊन आला होता. बायका मष्णूच्या गालाला, हाताला, पायाला हळद थापत होत्या आणि नागुबाई आणखी कालवत होती. कलगोंडा मांडवाच्या खांबाला टेकून बघत होता. तो म्हणाला, “बेतानं लावा. जास्त झाली तर ह्याचा काटा हलायचा न्हाय.”

बायकांना काही कळलं नाही. मारुतीरावाला ठसका लागला. धोंडूबाई मात्र उठली, वाटीत बोट बुडवलं आणि मष्णूच्या कपाळावर जरा जास्तच लावली.